दुपारची वाटी

भुकेले मूल रडते, हात पुढे करते, मागून खाते, अशी आपल्या मनात घट्ट बसलेली समजूत आहे आणि खात्यापित्या घरातल्या मुलांच्या बाबतीत ती खरीही आहे. पण ज्या मुलाला महिनोन्‌महिने पुरेसे अन्न मिळालेले नसते, ते मूल रडत नाही. ते गप्प बसून राहते. तोंडावर माशी बसली तरी हाकलत नाही, इतर मुले खेळत असताना उठत नाही आणि समोर वाटी धरली तर तोंड फिरवते. शरीराने आपला सगळाच व्यवहार आखडता घेतलेला असतो आणि त्यात भूकही मरून जाते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आमच्या मित्रमंडळाने मुलांच्या पोषणाच्या कामाला हात लावला, तेव्हा एका अंगणवाडीच्या सेविकाताईंनी आम्हांला सर्वांत आधी हेच समजावून सांगितले. "रडणाऱ्या पोराची मला काळजी नाही," त्या म्हणाल्या, "गप्प बसलेलं पोर दिसलं की आधी त्याचा दंड मोजते."

दंड मोजायची पट्टी प्रत्येक अंगणवाडीत असते. तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे असतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पट्टी लाल रंगावर थांबते आणि मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित ठरते. साडेअकरा ते साडेबारापर्यंत पिवळा रंग असतो. वाचकांनी आपला अंगठा आणि तर्जनी जुळवून पाहावी. जे कडे तयार होते, जवळजवळ तेवढाच तो घेर असतो, आणि त्यात कातडी, स्नायू, हाड, सगळेच आले.

या कामात काही वर्षे राहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे, आणि तेवढीच मला येथे मांडायची आहे. पाड्यापर्यंत अन्न पोहोचणे आणि ते मुलाच्या पोटात जाणे, या दोहोंच्या मध्ये एक लांबलचक दुपार असते, आणि आपल्या बहुतेक योजना, आपली दानशूरता आणि आपली चांगुलपणाची सगळी धडपड त्या दुपारच्या अलीकडेच थांबते.

मोखाडा आणि जव्हार हे तालुके आज पालघर जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातले मृत्यू म्हणून नोंदले गेले होते. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांची ही वस्ती आहे. डोंगरउतारावर नागली म्हणजे नाचणी, वरई आणि उडीद, खाचरात भात, असे पीक येथे घेतले जाते. पाऊस धो धो पडतो, परंतु पीक एकच येते, आणि पाणी उताराने निघून जाते. दिवाळीच्या सुमारास धान्य घरात येते, त्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर भिवंडी, वसई, कल्याणकडे जातात, आणि आषाढ उजाडेपर्यंत कणगीचा तळ दिसू लागलेला असतो. नेमक्या याच दिवसांत भाताच्या आवणीचे, म्हणजे रोपे लावण्याचे काम अंगावर येते, नेमक्या याच दिवसांत जुलाब, न्यूमोनिया आणि ताप घरोघर असतात, आणि ओढ्यांना पूर आल्यामुळे दवाखाना दूर जातो. घरात धान्य नाही, आईला वेळ नाही आणि मूल आजारी, या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात एकाच झोपडीत एकत्र येतात. आदिवासी विकास विभागाची 'खावटी' ही जुनी योजना पावसाळ्यातल्या याच तुटवड्यासाठी निघाली होती.

उपासमारीचे चित्र मधल्या काळात पालटले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला. त्यामुळे चूल अगदीच पेटली नाही असे दिवस पूर्वीपेक्षा खूप कमी झाले आहेत. पण रेशनवर येतो तो प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, अंडे, दूध या गोष्टी बाजाराच्या, आणि आठवडी बाजाराला जायचे तर हातात रोख पैसा लागतो. मोठ्या माणसाचे पोट भाताने भरते आणि तो कामाला लागतो. दीड वर्षाच्या मुलाचे पोटही भाताने भरते, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

कारण ते पोट फार लहान असते. आठ-साडेआठ किलो वजनाचे मूल एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त काही खाऊ-पिऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज साधारण ५५० कॅलरी मिळायला हव्यात. आता घरात जी पातळ पेज असते, तिच्या एका वाटीत शंभर कॅलरीसुद्धा भरत नाहीत. म्हणजे पेजेवर भागवायचे तर दिवसाला सहा-सात वाट्या लागतील, आणि त्या कोणतेच मूल पिणार नाही. तीच वाटी दाट खिचडीची केली, तिच्यात डाळ मुरवली आणि वरून चमचाभर तेल सोडले, तर एकट्या तेलाच्या त्या चमच्यातून ४५ कॅलरी वाढतात आणि तीन-चार वाट्यांत दिवस पार पडतो. आमच्या आज्या नाचणीला मोड आणून, ती वाळवून दळत असत. त्या पिठाचा एक चमचा घट्ट लापशीत घातला की ती सैल होते, तिच्यातले सत्त्व मात्र पाणी घालून सैल केल्यासारखे विरळ होत नाही, आणि घशाखाली उतरायला सोपी अशी भरीव लापशी तयार होते. पोषणाचे शास्त्र हीच युक्ती सांगते. तेव्हा काय द्यावे, हे कळणे फारसे अवघड नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दरवेळी वीस-पंचवीस मिनिटे मांडीवर घेऊन ते कोणी भरवायचे, हा प्रश्न अवघड आहे.

अंगणवाडीची रचना पाहिली म्हणजे हा प्रश्न कोठे अडतो ते दिसते. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात दिलेल्या आदेशांमुळे ती वस्तीवस्तीपर्यंत पोहोचली. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात, तेथे बसून गरम ताजा आहार खातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र घरी न्यायचा आहार असतो, म्हणजे पाकिटे किंवा कोरडा शिधा. २०१३ च्या कायद्याच्या कागदावर दोन्ही गटांना रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असा समान हिशेब होता. पण ज्या वयात हाडे, मेंदू आणि प्रतिकारशक्ती सर्वांत वेगाने घडत असते, त्याच वयाच्या मुलाच्या वाट्याला पाकीट येते आणि ते घरात गेल्यावर सगळ्यांचे होते. चार भावंडांच्या घरात एकट्या धाकट्यासाठी पाकीट बाजूला ठेवणारी आई मला क्वचितच भेटली, आणि जी ठेवत नाही तिला दोष देण्याचे धाडस माझ्यात नाही. कित्येकदा त्या पाकिटाची चव मुलांना आवडत नाही, मग ते कोंबड्यांपुढे पडते.

आणि आई घरात नसतेच. आवणीच्या दिवसांत ती सकाळी आठला निघते ती संध्याकाळी अंधार पडताना परतते. मागे राहते आठ-नऊ वर्षांची बहीण, किंवा जिला नीट दिसत नाही अशी आजी. सकाळी आईने पाजलेले दूध, निघताना दिलेली थोडी पेज, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत काही नाही. ती बहीण शाळेत गेली तर धाकटे उपाशी राहते, आणि धाकट्याला सांभाळत बसली तर शाळेची खिचडी तिची तिलाच मिळत नाही, कारण ती शाळेत बसून खाणाऱ्यांसाठी असते. सेविकाताई एकदा पाकिटांचे खोके उचलून ठेवता ठेवता म्हणाल्या, "खाऊ आहे हो घरी. भरवायला कोण आहे?" आमच्या सगळ्या बैठका, सगळे तक्ते या एका वाक्यापुढे मला अपुरे वाटतात.

भरवणे ही किती कष्टाची आणि कौशल्याची गोष्ट आहे, हे मी एका मदतनीस बाईंच्या हातून पाहिले. मूल दीड वर्षाचे, दंडाची पट्टी लाल रंगावर थांबलेली, सोबत आजी. बाईंनी मऊ शिजवलेली मुगाची खिचडी ताटलीत पसरून निववली, तिच्यात खुरासणीचे तेल सोडले, उकडलेले अंडे सोलून अर्धे बोटांनी कुस्करले आणि आधी पिवळा बलक मिसळला, कारण पांढरा भाग मुलाच्या तोंडात फिरत राहतो. मुलाला मांडीवर बाहेरच्या दिशेने तोंड करून बसवले, म्हणजे त्याला अंगणातल्या कोंबड्या दिसाव्यात. पहिला घास त्याने जिभेने बाहेर लोटला. बाईंनी तोच घास बोटाने परत ओठांना लावला आणि थांबल्या. दुसरा घास त्याने गालात धरला आणि तसाच बसून राहिला. गिळला नाही, थुंकलाही नाही. बाई पुन्हा थांबल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, मग दोन थेंब पाणी पाजले, तेव्हा तो गिळला. आजी म्हणाली, "नको म्हणतंय गं, राहू दे." बाई म्हणाल्या, "नको म्हणत नाही तो आजी. त्याची सवय मोडलीय." अर्धी वाटी जायला जवळपास अर्धा तास लागला, आणि दीड तासाने तेच पुन्हा करायचे होते.

तो मुलगा ग्राम बाल विकास केंद्रात होता. २००५ साली सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनच्या काळात महाराष्ट्रात ही पद्धत रुजली : तीव्र कुपोषित मुलाला दिवसभर अंगणवाडीतच ठेवायचे, औषधे द्यायची, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे भरवायचे आणि वजन रोजच्या रोज पाहायचे. पंधरवडा उलटायच्या आत हा मुलगा वाटी स्वतःकडे ओढू लागला, आणि वाटी यायला उशीर झाला की भोकाड पसरू लागला. त्याचे ते रडणे ऐकून मदतनीस बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, त्याचे मोल मला कोणत्याही आलेखावरच्या चढत्या रेषेपेक्षा मोठे वाटते. पण केंद्राची मुदत संपली, मूल घरी गेले, आणि घरची दुपार होती तशीच होती. पावसाळ्यानंतर मोजणी झाली तेव्हा त्याचा दंड पुन्हा पिवळ्यावर आला होता, आणि दिवाळीनंतर ते कुटुंब भट्टीवर गेले. तेथे अंगणवाडी कोणती, आणि त्याचे नाव कोणत्या वहीत, हे विचारण्यासारखे कोणी आमच्या हाती लागले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे याच अनुभवाला मोठ्या प्रमाणावर दुजोरा देतात. २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी होती. २०१९-२१ मध्येही तो आकडा २५.६ टक्केच राहिला, आणि त्यातली अतितीव्र गटातली मुले ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली. हे एकट्या आदिवासी भागाचे आकडे नाहीत, संपूर्ण राज्याचे आहेत. आपण श्रीमंत राज्य आहोत, असे ऐकताना मला हे दोन आकडे आठवतात.

पैशाबद्दल बोलणे भाग आहे. अंगणवाडीतल्या सर्वसाधारण मुलाच्या आहारासाठी २०१७ साली केंद्राने रोज ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये असा दर ठरवला आणि त्यानंतर वर्षे उलटली तरी तो तसाच राहिला. तेल आणि डाळीचे भाव दरम्यान कोठे गेले, हे घर चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. महाराष्ट्राने आदिवासी क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली, हे मी या सगळ्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल मानते. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी, अशी ती योजना आहे. अंड्यासारखे दुसरे अन्न नाही. त्यात भेसळ करता येत नाही, ते सांडत नाही, चार जणांत वाटून संपत नाही, आणि एका अंड्यात सहा-सात ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. म्हणूनच शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा सुरू झालेले अंडे जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधी काढून घेऊन लोकसहभागावर सोडून दिले गेले, तेव्हा मला मनापासून संताप आला. पाड्यावरच्या माणसांना अंड्याचे वावडे कधीच नव्हते. त्यांच्या अंगणात कोंबड्या आहेत, ओढ्यात मासे-खेकडे आहेत. ज्या गावात शिक्षक वर्गणी गोळा करायला निघाले तर वर्गणी देणारा दुकानदारही सापडायचा नाही, त्या गावाला लोकसहभागाचा सल्ला देणे मला क्रूरपणाचे वाटते.

लोकसहभाग शहरातून येतो तो बहुधा बिस्किटांच्या रूपात. सुटीच्या दिवशी गाड्या येतात, बिस्किटांचे पुडे, चॉकलेटे, चिवड्याची पाकिटे वाटली जातात, मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे घेतली जातात. येणाऱ्यांच्या मनात माया असते, यात मला शंका नाही. पण कमी भूक असलेल्या लहान मुलाने दुपारी गोड बिस्किटे खाल्ली की संध्याकाळची खिचडी ते शिवत नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्याला खिचडीच्या जागी बिस्कीटच हवे असते. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांनी तेलाचे डबे द्यावेत, मुगाची डाळ द्यावी, शेंगदाणे आणि गूळ द्यावा, आणि ते सेविकाताईंना विचारून द्यावे. एका दिवसाचे मोठे अन्नदान करण्याऐवजी एका पाड्यावरच्या मुलांच्या वर्षभराच्या तेलाचा खर्च उचलला, तर तो पैसा अधिक कामी येतो.

पण तेल दिले तरी दुपार शिल्लक राहतेच, आणि तिचे उत्तर याच जिल्ह्यात फार पूर्वी कोणीतरी शोधलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात भरवायची, आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळण्यात अडकते म्हणून तिच्या शाळेलाच पाळणाघर जोडायचे, इतका साधा आणि पोटातून आलेला त्यांचा विचार होता. अंगणात भरणाऱ्या त्या बालवाडीतून पुढे देशभरच्या योजनेला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. पाळणाघर मात्र त्या योजनेत मागे पडले. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने खेड्यांत 'फुलवारी' नावाची पाळणाघरे चालवून दाखवली : तीन वर्षांखालची मुले, गावातल्याच बाया, दिवसभर सांभाळ आणि दिवसातून अनेक वेळा खाणे. आई शेतावर जाऊ शकते, बहीण शाळेत जाऊ शकते आणि मूल उपाशी राहत नाही.

आम्ही हेच छोट्या प्रमाणावर करून पाहिले. आवणीपासून कापणीपर्यंत, एका पाड्यावर, अंगणवाडीला लागून असलेल्या पडवीत पाड्यातल्याच दोन बाया मुले सांभाळतात. त्यांना मजुरीएवढे मानधन मिळते, कारण आवणीची मजुरी सोडून फुकट मुले सांभाळायला सांगणे अन्यायाचे आहे. सकाळी नागलीची लापशी, दुपारी खिचडी, चारच्या सुमारास गूळ घातलेला शेंगदाण्याचा लाडू किंवा अंडे, असे तीन वेळचे खाणे ठरलेले आहे. कोणाच्या कोंबडीने अंडी घातली तर ती पाड्यातूनच विकत घेतली जातात. ज्या आया सुरुवातीला मूल सोडायला कचरत होत्या, त्याच पुढे दुपारी शेतावरून येऊन धाकट्याला पाजून परत जाऊ लागल्या. या व्यवस्थेने सगळे प्रश्न सुटत नाहीत. आईच अशक्त आणि कोवळ्या वयाची असेल आणि मूल दोन किलोचे जन्मले असेल, तर ते पहिल्या दिवसापासून मागे असते, आणि त्यासाठी मुलीच्या लग्नाच्या वयापासून तिच्या रक्तातल्या लोहापर्यंत बरेच काही बदलावे लागेल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मित्रमंडळाच्या वर्गणीवर पाळणाघर कायम चालवता येणार नाही आणि चालूही नये. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, तो कसा खर्चायचा हे ग्रामसभेला ठरवता येते, आणि आरोग्य व शिक्षण हे विषय त्यात बसतात. या वर्षी पाड्यातल्या बायांनी ग्रामसभेत विषय मांडला, की पडवीला पत्रे आणि दोघींचे मानधन या निधीतून द्यावे. काही पुरुषांचे म्हणणे पडले की रस्ता आधी हवा, आणि त्यांचेही खोटे नाही, कारण पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून न्यावे लागते. ग्रामसेवकांनी मानधनाची बाब नियमात बसते की नाही, हे पंचायत समितीला विचारून सांगतो म्हटले आहे. बायांनी तोपर्यंत पत्र्यांचा ठराव वेगळा करून मंजूर करून घेतला आहे, आणि मानधनाचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत पहिल्या क्रमांकावर लिहायला लावला आहे.